खऱ्या वाक्यांचे आबा

आबांकडे स्पॅनिश शिकायला जाणाऱ्याला पहिल्या दिवशी वही-पेन काढायची परवानगी नसायची. ते हातात कात्री द्यायचे.

समोर स्टीलचं ताट असायचं आणि त्यात बियाण्याच्या पिशव्यांना बांधतात तसली पुठ्ठ्याची लेबलं. प्रत्येक लेबलावर एकेक क्रियापद. आब्लार म्हणजे बोलणे, त्राबाहार म्हणजे काम करणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबीर म्हणजे राहणे. लेबलाच्या टोकाचं आर, एर किंवा ईर कात्रीनं कापून वाटीत टाकायचं आणि दुसऱ्या वाटीतून नवं शेपूट उचलून तिथे लावायचं. आर कापलं असेल तर आबा, आबास, आबा, आबामोस, आबान. एर किंवा ईर कापलं असेल तर ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआन. आब्लारचं झालं आब्लाबा, म्हणजे मी बोलायचो. कोमेरचं झालं कोमीआ, मी खायचो. तासाभरात माणूस पन्नासेक क्रियापदं जोडून मोकळा व्हायचा आणि आपल्याला स्पॅनिश आलं असं समजून जिना उतरायचा.

घाईत कुणी जुनं शेपूट न कापताच नवं लावलं, आब्लाराबा असलं काहीतरी तोंडातून काढलं, की आबा कपाळाला हात लावायचे. "नर काढलाच न्हाई तू! सेल्फ झालं सगळं. उपटून टाक."

हे त्यांच्या धंद्यातलं बोलणं होतं. त्यांचा सगळा जन्म बियाण्याच्या लाइनीत गेला होता. संकरित बी करायचं तर फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्यानं उघडून तिच्यातला नर काढून टाकावा लागतो. मग दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. फळं पिकली की दोरा असलेलीच तोडायची. नर आत राहिला तर फूल स्वतःचं स्वतःच फळतं, त्यालाच आम्ही सेल्फ म्हणतो, आणि ते बी संकरित म्हणून काही कामाचं नसतं. आमच्या भागात ही गोष्ट शाळेतल्या पोरीलाही माहीत असते, कारण तिची आई हेच काम करते. त्यामुळे आबांनी क्रियापदाचा नर काढायला सांगितला की आम्हाला दुसरं काही समजावून सांगावं लागायचं नाही.

आबा हे त्यांचं खरं नाव नव्हे. जालन्यातल्या मस्तगडात पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे. रोज सकाळी डोक्यावरच्या फळ्यांमधून आबा, आबास, आबा ऐकून ऐकून खालच्या गिरणीवाल्यानं ते नाव पाडलं आणि मग सगळ्या गल्लीनं उचललं. आबांना त्याचं काही वाटत नसे. "ईआ म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायचे.

मी मूळची जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची. शेतकीची पदवी घेऊन नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले होते. कंपनीनं मेक्सिकोला ढोबळी मिरचीचं बी पाठवायला सुरुवात केली होती. आमच्या मॅनेजर साहेबांनी एक दिवस जाहीर केलं की पुढच्या हंगामात तिकडे चार महिन्यांसाठी एक माणूस पाठवायचा आहे, आणि ज्याला भाषा येईल त्याचा नंबर पहिला. मला जायचंच होतं. आमच्या घरातून कुणी पुण्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. दोन महिने मी फोनवर शिकले आणि मला 'मांजर दूध पिते' एवढं बोलता यायला लागलं. मग कुणीतरी आबांचा पत्ता दिला. चौदा वर्षांपूर्वी ते तीन हंगाम मेक्सिकोत राहून आले होते, तिथल्या बायांना कळ्यांचं काम शिकवायला.

सगळे मास्तर वर्तमानकाळापासून सुरू करतात. आबा 'करायचो'पासून करायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नव्या गावात माणसाला काय विचारतात? तुमच्याकडं कसं करायचे, घरी काय खायचे, कुठं राहायचे. एवढं सांगता आलं की माणूस ओळखीचा होतो. बाकीचं बोट दाखवून भागतं."

व्याकरणाबद्दल त्यांची मतं शेतातल्या माणसाची होती. या काळात नियम मोडणारी क्रियापदं सगळी मिळून तीन. "सारं रान सरळ, तीन झाडं वाकडी. तेवढ्यासाठी रडायचं न्हाई." 'तुम्ही सगळे'चं एक रूप पुस्तकात होतं, ते त्यांनी काट मारून टाकलं होतं, कारण मेक्सिकोत ते कुणी वापरत नाही. आणि मी बोलायचो, तो बोलायचा, दोन्हींना आब्लाबाच, म्हणून कर्ता सांगितल्याशिवाय ते वाक्य पूर्ण धरत नसत. "पिशवीवर नाव टाक. न्हाई तर कुणाचं बी हाय कसं कळंल?"

फी घेत नसत. पण एक अट होती आणि तिच्यापायी निम्मे विद्यार्थी पळाले. वाक्य खरं पाहिजे. सरावाचं वाक्यसुद्धा खरं पाहिजे. पुस्तकात 'माझे वडील गिटार वाजवायचे' असं होतं, ते त्यांनी खोडलं होतं. "कुणाचे वडील वाजवायचे इथं? खोटं वाक्य पन्नास वेळा घोकलं की ते तोंडात बसतं. मंग निघत न्हाई." आमच्याबरोबर मेडिकल दुकानवाला एक जण शिकायला यायचा. त्यानं लिहून आणलं, 'लहानपणी आम्ही समुद्रावर खेळायचो.' आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणता समुद्र? आपला मोती तलाव?" त्याला जिन्यात उभं राहून नवं वाक्य करावं लागलं.

संशय आला तर आबा घरी फोन लावायचे. थट्टा नव्हे, खरोखर लावायचे. मी लिहिलं होतं की लहानपणी मी रोज सकाळी म्हशीचं दूध काढायचे. आबांनी माझ्याकडून आईचा नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर फोन लावला.

"मी तुमच्या पोरीचा मास्तर बोलून राह्यलो. ती म्हणती, ती रोज म्हशीचं दूध काढायची. खरं हाय का?"

आई पलीकडून मोठ्यानं हसली. "कुठलं वो! म्हैस दिसली की पळायची. दूध मीच काढायची."

मग मी लिहिलं, मी म्हशीला भ्यायचे. भिणे म्हणजे तेमेर, त्याचं तेमीआ. आबांनी त्या वाक्याला वहीत लाल टिक केली आणि म्हणाले, "हे आता तू मरेपर्यंत विसरणार न्हाईस." अजून विसरले नाही.

काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, जालन्याबाहेर फारशा कधी गेल्या नव्हत्या. पण बारा-तेरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकत आल्या होत्या. आम्ही कुणी अडखळलो की आतून भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर "कोमीआमोस!" असा पुकारा यायचा, आणि तो कधीही चुकत नसे. आबा म्हणायचे, "हिला बोलता येत न्हाई, पण हिची चूक काढून दाखवा."

त्यांच्या स्वतःच्या मेक्सिकोच्या गोष्टीही सगळ्या अशाच, तिथे काय चालायचं त्याच्या. ते एका विधवा बाईच्या घरी राहायचे. ती मक्याच्या भाकरी करायची. हे त्यावर इकडून नेलेला ठेचा घ्यायचे, तीही मागून घ्यायची, डोळ्यांतून पाणी काढत खायची आणि पुन्हा मागायची. संध्याकाळी चौकातल्या बाकावर म्हातारी माणसं बसायची, त्यांच्यात हे जाऊन बसायचे. "तिथं कुणी घाई करत न्हाई. एक गोष्ट चार दिवस चालायची." हे सांगताना ते खुशीत यायचे. एकदा मला म्हणाले, "चौदा वर्षं झाली, मी कुणाशी बोललो न्हाई."

"आमच्याशी बोलता की, आबा."

"तुम्ही लोक वाक्यं म्हणता. ते बोलणं न्हाई."

त्या वर्षी मी पोळ्याला टेंभुर्णीला गेले. माझ्या वडिलांचं, आम्ही त्यांना दादा म्हणतो, शेतात शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव, होतं आणि त्यात आमच्याच कंपनीचा ढोबळी मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. पोळ्याला आमच्याकडे कुणी शेतात जात नाही. दुसऱ्या दिवशी कर असते, त्याही दिवशी नाही. कळ्यांचं काम करणाऱ्या बायांनाही सण असतो. पण कळ्यांना सण नसतो. दोन दिवसांत झाडांवर फुलं उमलून बसतात, आपली आपण फळायला लागतात, म्हणून नियम असा की तिसऱ्या दिवशी सकाळी आधी ती सगळी उघडी फुलं तोडून टाकायची आणि मगच कामाला हात लावायचा. त्या तिसऱ्या दिवशी दहा वाजता कंपनीचे तपासणीस यायचे होते आणि ते ओळीओळीनं दोरे बघतात. बाया अजून यायच्या होत्या. मी लवकर नेटमध्ये गेले. फुलं तोडली असती तर पुढच्या दोन ओळी उघड्या-बोडक्या दिसल्या असत्या आणि प्लॉटवर वाईट शेरा पडला असता. मी त्या दोन ओळींतली फुलं तोडली नाहीत. त्यांना लाल दोरे बांधले. दोनच तर ओळी, एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून मी हात धुतले. तपासणीसांनी चांगला शेरा दिला. आणि मी ते विसरूनही गेले.

पुढच्या उन्हाळ्यात मेक्सिकोहून तक्रार आली. तिथल्या शेतात काही झाडांना वेगळीच फळं लागली होती, निव्वळ आईच्या वाणासारखी, म्हणजे बी सेल्फ झालेलं. लॉट टेंभुर्णीचा. दादांचा. सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल ठरला, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. दुभाषी मी. कॉल नीट झाला की मेक्सिकोचं माझं नक्की, असं साहेब आदल्या दिवशी बोलले होते. पण माझ्या भाषेवर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी आबांनाही बोलावलं.

आबा सात वाजताच रिक्षानं आले. इस्त्रीचा सफारी, केसांना तेल. आठवडाभर ते घरात नमस्काराची वाक्यं म्हणत फिरत होते, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. पडद्यावर चष्मा लावलेल्या पन्नाशीच्या बाई दिसल्या आणि आबा खुर्चीत ताठ झाले. बाईंनी सरळ विचारलं, तुमच्याकडे रोजचं काम कसं चालायचं?

साहेब मला म्हणाले, "सांग, रोज सकाळी कळ्या तपासायचो, नर काढायचो, उघडलेली फुलं तोडायचो. रोज. एक दिवस बी खंड न्हाई."

मी सांगितलं. रेबिसाबामोस, किताबामोस, कोर्ताबामोस. तोदोस लोस दीआस, म्हणजे दररोज. एकही शेपूट चुकलं नाही. बाईंनी मान डोलावून लिहून घेतलं. साहेबांचा चेहरा खुलला. "वा! आबा, तुम्ही बी बोला आता. ओळख करून घ्या."

आबा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पोळ्याला बी?"

जिल्ह्यातलं एकही नेट पोळ्याला उघडत नाही, हे त्यांना काय कुणी सांगायला हवं होतं? मी मान खाली घातली. "न्हाई," मी म्हणाले.

आबा उठले. साहेबांना म्हणाले, "मला न्हाई बोलायचं." पडद्याकडे बघून हात जोडले आणि दार लोटून निघून गेले. चौदा वर्षं ज्या बोलण्याची वाट पाहिली ते समोर येऊन बसलं होतं. माझ्या वाक्याच्या शेजारी बसून त्यांना ते नको झालं. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

कॉल संपताच मी खाली धावले. ते रस्त्याच्या कडेला रिक्षा बघत उभे होते. मी त्यांना दोऱ्यांचंही सांगितलं. हे त्यांना माहीत नव्हतं. समोर थांबलेल्या रिक्षाला त्यांनी हातानं पुढे जायला खुणावलं.

"त्या बाईला फोन लाव आणि सांग," म्हणाले.

"माझं जायचं राहील, आबा."

"राहील."

"दादांचा प्लॉट जाईल."

"जाईल. पण तिनं बी ते बियाणं कुणा शेतकऱ्याला दिलंय ना? त्यानं पेरून वाट पाह्यली."

दोन दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खरंच दुखत होतं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मस्तगडचा जिना चढले आणि आबांच्या समोर बसून त्या बाईंना फोन लावला. पाठ केलेलं सगळं उडालं. दोरा, मी, उघडं फूल, दोन ओळी, सण, बैल. शब्द सांडत गेले तसे सांडू दिले. शेपटं कुठली कुठे लागली. एका चुकीवर कपाळाला हात लावणारे आबा ताटातल्या लेबलांकडे बघत बसले आणि त्यांनी एकही चूक दुरुस्त केली नाही. स्वयंपाकघरातूनही काही आवाज आला नाही.

बाई शांतपणे ऐकत होत्या. किती ओळी, कोणत्या बाजूच्या, हे दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या गावची जत्रा असली की आमच्याकडेही दोन दिवस कुणी कामाला येत नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी सगळी फुलं तोडायचो. रडत तोडायचो, पण तोडायचो. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आभार मानले आणि विचारलं, तुला भाषा कुणी शिकवली?

मी फोन आबांकडे दिला. ते उभे राहिले. मग जे बोलायला लागले ते थांबेनात. मला निम्मंही समजत नव्हतं. मक्याची भाकरी समजली, बाक समजला, पाऊस समजला. पलीकडून बाई हसत होत्या. अर्ध्या तासानं त्यांनी फोन मला परत दिला आणि म्हणाले, "बॅटरी संपत आली तुझी."

पुढे व्हायचं ते झालं. सोमवारी मी साहेबांना सांगितलं, त्यांनी मला वेड्यात काढलं. लॉट परत मागवला गेला. मला परदेशाच्या कामावरून काढून उगवण तपासायच्या खोलीत बसवलं. मेक्सिकोला हिशेब खात्यातला एक जण गेला, फोनवर तीन आठवडे शिकून. आबा त्यानंतर दोन वर्षांनी मुलाकडे राहायला गेले आणि मस्तगडातला वर्ग बंद झाला.

पण यातलं काहीच व्हायच्या आधी, फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दादांना सांगायला टेंभुर्णीला निघाले होते. आबा बसस्टँडवर हजर. "मला ते नेट पाह्यचंय," एवढंच म्हणाले. माझी बाजू ते सावरून घेतील अशी मला थोडी आशा होती. त्यांनी तसं काही करायचं मनातही आणलं नव्हतं.

दादा नेटजवळ ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. आबांना पाहून त्यांना फार आनंद झाला. "या मास्तर, या! पोरीला परदेशी भाषा शिकवली तुम्ही." पाण्याचा तांब्या आणला, बसायला पोतं टाकलं. मी उभीच राहिले.

"दादा, मागच्या पोळ्याला, तिसऱ्या दिवशी, मी नेटमध्ये लवकर आल्ते. उघड्या फुलांना..."

"दोरे बांधले," दादा म्हणाले. "पाह्यलं की मी. बांधावरच उभा होतो."

"मंग तुम्ही मला बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? म्हणलं पोरगी शिकलेली हाय, कंपनीत हाय. नवी पद्धत निघाली असंल." मग ते आबांकडे वळले. "मास्तर, दिवाळीत बाया दोन दिवस आल्या न्हाईत ना, तवा मी बी बराबर तसंच केलं. हिनं केल्तं तसं. आठ ओळी. एकट्यानं!"

आबांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

दादा हसत होते. माझ्याकडून काहीतरी शिकले, याचा त्यांना अभिमान वाटत होता. त्यांचा तो चेहरा समोर असताना मला उरलेलं सांगायचं होतं, आणि मी सांगायला लागले.